पर्डनची शिरगणती

"एर्विन झोपतो कुठे?" सिग्नेबाईंनी विचारलं.

"त्याची खोली आहे की वर," ओटिलिया म्हणाली. "पलंग आहे, चादर परवाच बदलली. हवं तर जाऊन बघ."

"चादरीचं नाही विचारलं मी. झोपतो कुठे?"

एर्विन हा ओटिलियाचा मुलगा. नऊ वर्षांपूर्वी मिनीआपोलिसला गेला, तिथे वेल्डिंग करतो, तिथेच त्याची बायको आणि दोन मुली आहेत. हे ओटिलियाला माहीत, मला माहीत, सिग्नेबाईंना तर मुलींचे वाढदिवससुद्धा माहीत. तरी ओटिलियाने जनगणनेच्या फॉर्मवर आपल्या नावाखाली त्याचं नाव लिहून ठेवलं होतं. सिग्नेबाईंनी ते खोडरबराने पुसलं, कागदावर फुंकर मारली आणि फॉर्म पिशवीत टाकला.

"एका नावानं तुझं काय जात होतं गं?" ओटिलिया म्हणाली. "गावात तीस माणसं भरली नाहीत तर सरकार पोस्ट बंद करणार. मग बस आपला खरेपणा कवटाळून."

सिग्नेबाईंनी हातमोजे चढवले.

"आणि तुझा अर्विड?" त्या दाराबाहेर पडल्यावर ओटिलियाने मागून विचारलं. "तो कुठे झोपतो, ते लिहिलंस का?"

बाई पायऱ्या उतरल्या. खाली बर्फ वितळून चिखल झाला होता म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही.

हे १९८० च्या एप्रिलमधलं. बाईंना डोळ्यांमुळे गाडी चालवता येत नव्हती आणि धान्याच्या कोठीवर मला त्या दिवसांत काही काम नव्हतं, म्हणून माझ्या ट्रकमधून त्या जनगणनेला घरोघर फिरत होत्या. फिरत होत्या म्हणजे काय, सगळं गाव दोन दिवसांत आटपलं.

पर्डन हे गाव कुणाला इथे राहावंसं वाटलं म्हणून वसलेलं नाही. १९०९ साली रेल्वेवाले रूळ टाकत माळावरून आले, इंजिनाला जिथे तहान लागेल तिथे पाण्याची टाकी उभी केली आणि टाकीपाशी गाव टाकून पुढे गेले. नाव दिलं कचेरीतल्या एका कारकुनाचं. तो कधी इथे फिरकला नाही, शहाणा माणूस. त्या टाकीत पाणी चढवायचा पंप अर्विड हॉगन चालवायचा, सिग्नेबाईंचा नवरा. उणे तीस अंशातही त्याने तो पंप कधी गोठू दिला नाही. मग १९५४ साली डिझेलची इंजिनं आली. त्यांना पाणी लागत नव्हतं, आणि गाडीने थांबावं असं दुसरं काही आमच्याकडे नव्हतं. अर्विडला त्यांनी रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत घातलं. टाकी पाडली. स्टेशनची इमारत एका शेतकऱ्याने उचलून नेली, तिच्यात आता डुकरं असतात.

आमची भरभराट पाहायची तर १९३० ची जनगणना पाहावी. त्या वर्षी गावात ४१२ माणसं भरली. त्यातली एकसष्ट माणसं बर्फात अडकलेल्या गाडीतली होती. तीन दिवस ती शाळेत झोपली, आणि तेव्हा हे काम करणाऱ्या जेप्सन दुकानदाराने तीही मोजून टाकली. एक फिरता दंतवैद्य होता, मोंटानाला निघालेलं एक नवं जोडपं होतं, सगळे पर्डनचे रहिवासी झाले. वेशीवर ४१२ चा बोर्ड लागला आणि आम्ही छाती फुगवून हिंडलो. दहा वर्षांनी हे काम सिग्नेबाईंकडे आलं. त्यांनी दारोदार "झोपतो कुठे, झोपते कुठे" विचारून खरा आकडा लावला: २८७. पुढे वर्षभर गाव त्यांच्याशी धड बोललं नाही. जणू सव्वाशे माणसं त्यांनीच हाकलून दिली होती.

ओटिलियाचं घर शेवटचं होतं. ट्रकमध्ये बसल्यावर मी विचारलं, "किती झाले?"

"तुला धरून अठ्ठावीस. मी एकोणतीस."

"आणि अर्विड तीस."

अर्विड नोव्हेंबरपासून चाळीस मैलांवरच्या मोठ्या गावात, वृद्धाश्रमात होता. माणसं ओळखत नव्हता. येईल त्या परिचारिकेला "टाकी भरली का?" एवढंच विचारायचा. "भरली, आजोबा, भरली," असं कुणी म्हटलं की मगच जेवायचा.

"बाई, त्याचे बूट तुमच्या दाराशी आहेत," मी म्हणालो. "कोट खुंटीवर आहे. त्याची पत्रं इथंच येतात. तपासायला कोण येणारय? वाट चुकल्याशिवाय इकडं कुणी येत नाही."

"जेप्सनही असंच म्हणाला असेल."

"जेप्सननं परकी माणसं मोजली. अर्विड इथला."

"वसंतात घरी नेते म्हणून सांगून आलेय मी त्याला," त्या म्हणाल्या. "दर रविवारी सांगते. तो नाही येणार, हार्लन. डॉक्टरांनी नाताळातच सांगितलं. मी कुणाला बोलले नाही."

खरं सांगायचं तर पोस्टाचं मला एवढं पडलं नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांच्या एकट्या माणसाला पत्रं येतात तरी किती? पण पोस्टाच्या शिक्क्याखेरीज पर्डन हे नाव आता कुठेच उमटत नव्हतं. ते गेलं की आपण कुठल्या गावात मरणार, याची मला भीती वाटत होती. त्या भीतीपायी एका बाईला मी खोटं लिहायला सांगत होतो, आणि ती लिहिणार नाही म्हणून मला तिचा रागही येत होता.

घरी आल्यावर बाईंनी कॉफी ठेवली. मग स्वतःच्या घराचा कोरा फॉर्म आणि टोक केलेली पेन्सिल त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

"माझं मीच कसं भरू? तू विचार."

"मला सगळं माहितीय, बाई."

"मलाही सगळ्यांचं माहीत असतं. विचार."

मी वाचलं. "एक एप्रिलला या घरात कोण कोण राहत होतं?"

"सिग्ने हॉगन."

"आणखी?"

खिडकीतून रुळांपलीकडे टाकीच्या पायाचे चार ठोकळे दिसत होते. बाईंनी कपातली कॉफी ढवळली. साखर त्या घेत नसत.

"अर्विड हॉगन," त्या म्हणाल्या.

मी घाईघाईने दुसऱ्या ओळीवर लिहायला घेतलं. नाव लिहून झालं, आडनाव अर्ध्यावर होतं.

"असं लगेच नाही लिहायचं," त्या म्हणाल्या. "आधी विचारायचं असतं."

"काय?"

"तुला माहितीय काय."

मला ते विचारवेना. तेव्हा त्यांनीच विचारलं, चाळीस वर्षं प्रत्येक दाराशी विचारलं त्याच आवाजात, "झोपतो कुठे?"

आणि मग त्यांनीच उत्तर दिलं. आवाज मात्र तो नव्हता. "तिकडं. खिडकीजवळच्या पलंगावर. तिथून रूळ दिसत नाहीत."

त्यांनी खोडरबर माझ्याकडे सरकवला. मी नाव पुसलं. पुसता पुसता कागद जरा चुरगळला, तो त्यांनी तळहाताने सरळ केला.

"पूर्वी कामाचा रकाना असायचा," त्या म्हणाल्या. "चाळीस साली मीच लिहिलं होतं, अर्विड हॉगन, पंपवाला. यंदाच्या फॉर्मात काढून टाकलाय. नाहीतर तिथे त्याचा फॉर्म भरताना त्या लोकांना कळलं असतं, टाकी टाकी काय करतो ते."

"आणि पोस्ट?"

"तीस लिहून तीस होत असते, तर मी कधीच लिहिले असते."

घरातल्या माणसांच्या आकड्यापुढचा गोल पेन्सिलीने काळा करायचा होता. मी 'एक' समोरचा गोल भरला आणि फॉर्म त्यांना दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला.

"फिका झालाय," त्या म्हणाल्या. "यंत्राला दिसायचा नाही."

मी कोट घालून बाहेर आलो, ट्रक चालू केला. खिडकीत बाई अजून टेबलापाशीच होत्या, वाकून तो एकच गोल गिरवत.