पन्नास नंबरवर कोण बसलंय?

ताईचे सासरे, अण्णा, हल्ली घरातून निघून जायचे. डोकं साथ देत नव्हतं. मागच्या आठवड्यात थेट बस डेपोत सापडले. भावोजी गेल्यापासून घरात ही दोघंच, त्यात ताईची नोकरी. "पुन्हा गेले तर वृद्धाश्रमाशिवाय इलाज नाही रे," ती म्हणाली. म्हणून दारावर आतल्या बाजूने कॅमेरा लावायला गेलो. धंदाच तो माझा.

"आला टवाळ!" अण्णा म्हणाले. सगळं विसरले, पण मला नाही. एकदा त्यांच्या चष्म्याला साबण चोळला होता, त्याची कृपा.

"अण्णा, आता तुम्ही पडद्यावर झळकणार. दाढी करा जरा."

पण कॅमेराच नखरे करायला लागला. चित्र यायचं, जायचं. वायर बदलली, राउटर बंद करून चालू केला. छे.

"येतं की नाही तुला?" ताई.

"गप गं. चहा टाक."

नेटवर्कवर प्रत्येक वस्तूला आपला एक पत्ता असतो. एकाच पत्त्यावर दोघं बसले की भांडणं. मी कॅमेऱ्याला कायम शेवटचा आकडा पन्नास देतो. आता कॅमेऱ्याची वायर उपटून हातात धरली आणि लॅपटॉपवरून पन्नासला हाक मारली. तरी तिकडून उत्तर आलं!

टीव्ही बंद केला, प्रिंटर बंद केला, ताईचा फोन बंद केला. उत्तर चालूच.

मग अण्णांच्या खोलीत कपाटात शिरलेली एक वायर दिसली. स्वेटरांच्या खाली भावोजींचा फोन, पूर्ण चार्ज केलेला. पन्नास नंबर लक्षात ठेवायला सोपा, हे भावोजींना मीच शिकवलं होतं; त्यांनी तोच आपल्या फोनला देऊन टाकला होता.

ताई पलंगावर बसली. "दवाखान्यात हरवला म्हणून मी किती शोधला..."

"हरवेल कसा?" अण्णा चिडले. "त्याला लागेल ना. मी दवाखान्यात नेऊन देतो म्हटलं, तर रस्त्यातूनच मला परत आणतात लोक."

ताईने माझ्याकडे पाहिलं. डेपोत अण्णा कशाला गेले होते, ते आम्हाला आत्ता कळलं.

कॅमेऱ्याला एकावन्न दिला. चित्र स्थिर उभं राहिलं. पण चित्राने माणूस थांबतो थोडाच?

"अण्णा, मी तिकडेच चाललोय. द्या, पोचवतो."

"थट्टा नाही ना रे?"

आयुष्यभर थापा मारल्या, पण हसू दाबायला लागलं नाही अशी ही पहिलीच.

"नाही, अण्णा."

त्यांनी फोन शर्टाला पुसला, चार्जरची वायर नीट गुंडाळली आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. "म्हणावं, पोचलं की फोन कर."

ताई तोंडावर पदर धरून स्वयंपाकघरात गेली.

जिन्यात थांबून मी माझ्या मोबाईलवर कॅमेरा उघडला. अण्णांनी खुर्ची दाराकडे तोंड करून ओढली होती आणि ते वाट बघत बसले होते.