दार लावून आंघोळ

"काका, हात मागे!" फिजिओबाई पाण्यातून ओरडल्या. "पुन्हा धरलंत मला. अहो, मी बुडत नव्हते, बुडायचं नाटक करत होते."

"नाटक आहे ते डोक्याला कळलं हो," शिट्टीकाका म्हणाले, "हातांना कोण सांगणार?"

तलावाच्या उथळ बाजूला, छातीभर पाण्यात, दोघं समोरासमोर उभी होती. बाईंनी पुन्हा डोकं पाण्याखाली नेलं. काकांनी हात मागे बांधले, दात आवळले, आणि बाईंचे केस पाण्यावर पसरलेले दिसताच दंडाला धरून त्यांना परत वर काढलं. बाईंना ठसका लागला आणि त्यातच त्या हसत सुटल्या. काकांना मात्र हसू येईना. निवृत्ती जवळ आली, आणि या वयात शिकायचं काय, तर बुडणाऱ्याला न काढणं! काय दिवस आले बघा.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर वरच्यांच्या तिजोरीत खडखडाट झाला म्हणून. सरकारी इस्पितळात अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी कोमट पाण्याचा एक लहानसा हौद होता, तो परवडत नाही म्हणून बंद झाला. हा सार्वजनिक तलावही बंद व्हायच्या वाटेवरच होता. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की दोघांची मोट बांधा. सकाळी इस्पितळाचे रुग्ण, दुपारनंतर नेहमीचे पोहणारे. नवीन माणूस नेमायचा नाही, आहेत त्यांनीच एकमेकांचं काम शिकून घ्यायचं. परिपत्रकात याला भागीदारी म्हटलं होतं. तलावावरच्या माणसांच्या भाषेत, एका पगारात दोन कामं. वर्षभर चालवू, जमलं तर तलाव राहील, असं तलावाच्या साहेबांनी सांगितलं. "जमलं म्हणजे नेमकं काय?" असं काकांनी विचारलं, तर साहेब म्हणाले, "ते मलाही कुणी सांगितलेलं नाही."

शिट्टीकाका हे नाव पोरांनी ठेवलेलं. तलावाकाठच्या उंच खुर्चीवर बसून काकांनी उभा जन्म पाण्यावर नजर ठेवली होती, आणि इतक्या वर्षांत पाहिली ती नुसती डोकी. काळी, पांढरी, टकली, टोपी घातलेली. डोक्याखालचा माणूस पाण्यात काय करत असतो, याचा विचार करायला सवड कुणाला होती? आता स्वतः पाण्यात उतरल्यावर त्यांना नाना प्रश्न पडायला लागले, आणि त्यांनी बाईंना अगदी भंडावून सोडलं. लुळा पाय पाण्यात आपोआप वर कसा येतो? पाण्यात अंग हलकं होतं म्हणता, मग भीती का हलकी होत नाही? पायाचं उत्तर बाईंनी झटक्यात दिलं. भीतीपाशी त्या अडखळल्या.

"काका, हे मला माझ्या परीक्षेतसुद्धा कुणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

बाईंनाही काकांचं काम शिकायचं होतंच. दुपारी त्या उंच खुर्चीवर बसायच्या आणि काका खाली उभे राहून धडे द्यायचे. "एकाकडे बघायचं नाही, सगळ्यांकडे बघायचं. ओरडणाऱ्याची चिंता सोडा, ओरडायला श्वास लागतो. गप्प झाला त्याच्याकडे बघा." पण बाईंचा जन्म एकेका माणसाकडे बघण्यात गेलेला. पहिल्याच दिवशी त्या एका मुलाच्या तिरक्या पावलाकडे बघत बसल्या. याचा घोटा दाखवून घ्यायला हवा, असं त्या मनाशी म्हणतायत तोवर दुसऱ्या टोकाला तीन कार्टी उथळ पाण्यात सूर मारून मोकळी झाली. काका खालून असे बोंबलले की साहेब कचेरीतून धावत बाहेर आले.

अशी एकमेकांची फजिती बघत दोघांचं बरं जमलं होतं, आणि त्यातच मास्तर आले.

मास्तर म्हणजे कपडे शिवणारे मास्तर. सत्तरीचे, किडकिडीत, तोंडाने भारी फटकळ. लहानथोर कुणालाही अरेतुरे करायचे. अर्धांगवायूने उजवा हात आणि उजवा पाय गेलेला, त्यात न्हाणीघरात एकदा आपटले, तेव्हापासून पाण्याचं नाव काढलं की ओठ पांढरे व्हायचे. सून त्यांना घेऊन आली होती. ती बाकावर टॉवेल घेऊन बसली.

बाई प्रत्येक रुग्णाला पहिल्या दिवशी एकच विचारायच्या, तुम्हाला काय करता यायला हवं? कुणी म्हणायचं जिना चढता यावा, कुणी म्हणायचं बाजारात जाता यावं. मास्तर म्हणाले, "दार लावून आंघोळ."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? दार लावायचं, आत मी एकटा, आणि आंघोळ करायची. आता ही घालते मला." त्यांनी मानेनेच सुनेकडे खूण केली. "चांगली आहे गं पोर. तीच तर अडचण आहे. वाईट असती तर भांडलो तरी असतो."

सून बाकावर टॉवेलची उलटसुलट घडी घालत राहिली. आंघोळ ही काही मागायची गोष्ट आहे, असं काकांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

बाईंनी बेत सांगितला. मास्तरांची भीती घसरण्याची नाही, घसरल्यावर उठता येणार नाही याची आहे. पाण्यात माणूस सावकाश पडतो, म्हणून इथेच पडायचं आणि इथेच उठायला शिकायचं. कठड्याची दांडी सोडायची, घसरलं तर घसरू द्यायचं, डावा पाय तळाला लागेपर्यंत वाट बघायची. जवळ उभ्या असलेल्या माणसाने मास्तरांना ते करू द्यायचं, खरोखरच गरज पडली तरच हात घालायचा. आणि जवळ उभं राहणारा माणूस म्हणजे शिट्टीकाका. बाईंकडे एकाच वेळी चार रुग्ण असायचे, दुसरं होतं कोण?

दोन महिने मास्तरांनी दांडी सोडली नाही. काकांना शिव्या घालत, पाण्याला शिव्या घालत, दांडीला लटकून ते चालायचे. मग एका सकाळी म्हणाले, "शिट्टी, सोडतो रे."

आणि त्यांनी खरंच सोडली. उभे राहिले. आपण उभे आहोत हे कळल्यावर त्यांनी तोंड उघडून असं काही हसून घेतलं की काकांनाही हसू फुटलं. त्या हसण्यातच मास्तरांचा तोल गेला आणि ते सरळ पाण्याखाली गेले. बाई पलीकडच्या टोकाला एका आजींना धरून उभ्या होत्या. काकांना फक्त एवढंच दिसलं, की मास्तरांच्या तोंडून आवाज आला नाही. गप्प झाले. बस्स. पुढचं काकांनी केलंच नाही, त्यांच्या हातांनी केलं. बखोटीला धरून मास्तरांना त्यांनी असं उपसलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत मास्तर काठावर होते.

मास्तर खोकले, थुंकले, आणि मग डाव्या हाताने त्यांनी काकांच्या छातीत धक्का मारला.

"कुणी सांगितलं होतं हात घालायला? पाय टेकला होता माझा! उठत होतो मी!"

"मास्तर, तुम्ही बुडत होतात हो."

"उठत होतो रे, गाढवा! उठत होतो!"

आणि एवढा फटकळ माणूस सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडायला लागला. सुनेने येऊन टॉवेलने त्यांचं तोंड पुसलं, केस पुसले, पाठ पुसली. ते पुसून घेत होते आणि रडत होते. काकांना ते बघवेना. दुसऱ्या दिवशी मास्तर आले नाहीत. त्या आठवड्यात आलेच नाहीत.

"बुडणाऱ्याला काढलंत, त्यात वाईट काय केलंत?" घरी बायको म्हणाली. "माणूस गेला असता म्हणजे?"

"तेच तर कळत नाहीये ना," काका म्हणाले. "बुडत होता की उठत होता? वरून दोन्ही सारखंच दिसतं."

हा प्रश्न त्यांची पाठच सोडेना. शेवटी एका सकाळी रुग्ण यायच्या आधीच ते बाईंपुढे जाऊन उभे राहिले. "बाई, माझा उजवा हात नि उजवा पाय पट्ट्यांनी बांधा. मला खाली जाऊन बघायचंय."

बाईंनी आधी वेड्यात काढलं, मग बांधलं. काका पाण्यात उभे राहिले, दांडी सोडली आणि मुद्दाम कलले. आयुष्य पाण्याकाठी काढलेला माणूस, पण पाणी डोक्यावरून गेलं आणि तळ नाहीसाच झाला. उजवीकडे काही नव्हतंच. वर कुठे, खाली कुठे, काही उमगेना. काकांची भीतीने गाळण उडाली, अगदी लहान पोरासारखी. आणि मग डावी टाच फरशीला लागली. नुसती लागली. तेवढ्यावर जग पुन्हा सरळ झालं. त्यांनी गुडघा ताठ केला आणि ते वर आले.

बाई काठावर उकिडव्या बसल्या होत्या. ओठ दाताखाली, चेहरा पांढराफटक.

"परत मला असलं काही करायला सांगू नका," त्या म्हणाल्या. "बघवत नाही हो. उडी मारणारच होते मी."

"मारली का नाहीत?"

"तुम्हाला राग आला असता म्हणून."

"राग?" काका धापा टाकत म्हणाले. "टाच लागली तेव्हा कुणी मला धरलं असतं ना, तर चावलो असतो त्याला."

संध्याकाळी ते मास्तरांच्या घरी गेले. मास्तर खिडकीशी तोंड फिरवून बसले होते. काकांनी माफीबिफी मागितली नाही. म्हणाले, "एका पायाने खाली जाऊन आलो मी."

मास्तरांनी मान न वळवताच विचारलं, "आधी काय लागलं? चवडा की टाच?"

"टाच."

"टाच! मी सुनेला सांगत होतो, टाच लागते म्हणून. तिला पटेना." मास्तर आता पुरते वळले. "आणि त्याच्या आधी? पोटात खड्डा पडतो की नाही?"

"पडतो तर! मला वाटलं तळच काढून नेला कुणीतरी."

एकाच दूरच्या गावाला जाऊन आलेली दोन माणसं भेटावीत, तशी ती दोघं बराच वेळ बोलत बसली. निघताना मास्तर म्हणाले, "सोमवारी येतो. पण याद राख, हात लावशील तर."

"नाही लावत."

"शब्द?"

"शब्द."

सोमवारी मास्तर आले तेव्हा फाटकाला कुलूप होतं. शनिवारी वरून हुकूम आला होता. वर्ष व्हायला अजून अवकाश होता, पण विजेचं बिल परवडत नव्हतं म्हणे. साहेबांनी फाटकावर सूचना लावली होती आणि काका तिच्याशेजारी उभे होते, येणाऱ्या प्रत्येकाला तोंडाने सांगायला. मास्तरांनी सूचना पुन्हा पुन्हा वाचली. पलीकडे तलावातलं पाणी सोडून दिलेलं होतं, उथळ बाजूची फरशी उघडी पडली होती.

"आता रे?" मास्तर म्हणाले.

काकांनी त्या उघड्या फरशीकडे बघितलं. एक सकाळ, फार तर दोन. तेवढंच हवं होतं या माणसाला, आणि त्यातली एक सकाळ तर खुद्द आपणच घालवली होती.

बाईंना इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर परत पाठवलं. काकांना बागखात्यात घेतलं, झाडांना पाणी घालायला. तिथेही ते फुलांपेक्षा बागेत खेळणाऱ्या पोरांकडेच जास्त बघायचे. मास्तरांकडे जायचं जायचं म्हणत महिना गेला. लाज वाटायची, आणि मास्तरांचं पुढे काय झालं हे जाणून घेतल्याशिवाय चैनही पडेना. शेवटी एका सुट्टीच्या सकाळी ते गेलेच.

दार सुनेने उघडलं. हातात टॉवेल होता आणि चेहरा पार उतरलेला.

"बरं झालं आलात," ती हळूच म्हणाली. "बाबा आंघोळीला गेलेत. एकटे. मी नको नको म्हणत होते, तर माझ्या तोंडावर दार लावलं. आतून कडीसुद्धा घातलीय हो!"

काका तिच्या मागोमाग न्हाणीघरापाशी गेले. आत नळ चालू होता, बादली भरत होती. मग नळ बंद झाला. तांब्याने पाणी घेतल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा. आणि मग एकदम काहीतरी धाडकन आदळलं, तांब्या फरशीवर गडगडत गेला, आणि आत सगळं शांत झालं.

"बाबा!" सून दारावर धावली. आतून उत्तर नाही. "काका, तोडा! तोडा ना दार!"

काका कधीच दाराशी पोचले होते. खांदा दाराला लागलाही होता. जुनं दार, एका धक्क्यात कडी निघाली असती. आत आवाज नव्हता, आणि आवाज नसणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"थांबा," ते म्हणाले.

"तुम्ही थांबायला सांगताय? तुम्ही?"

"एक क्षण. तुमच्या पाया पडतो. एक क्षण थांबा."

आत काहीतरी घासलं. धापा ऐकू आल्या. मग बादलीचा काठ वाजला, कुणीतरी त्याच्यावर भार टाकल्यासारखा, आणि पुन्हा धापा.

"कोण आहे रे बाहेर?" मास्तरांचा आवाज आला. फाटका, थरथरता. "काही झालेलं नाही. दाराजवळून हला बघू सगळे."

सून भिंतीला टेकली. काकांनी खांदा दारावरून काढला. थोड्या वेळाने आत पुन्हा पाणी अंगावर पडायला लागलं.

"टॉवेल बाहेरच राहिलाय त्यांचा," सून डोळे पुसत म्हणाली. "आत देऊ का?"

"मागतील," काका म्हणाले. "हवा असला की मागतील."

ती दोघं बाहेरच्या खोलीत येऊन बसली. आत मास्तर अंगावर पाणी घेत होते, आणि त्यांना कसलीच घाई नव्हती.