चौघांच्या सुरांचा ऑर्केस्ट्रा

हर्षाने तीन छोट्या तुकड्यांची एक रचना केली होती. वाद्यं चारच: व्हायोलिन, हार्मोनियम आणि दोन क्लॅरिनेट. ती भौतिकशास्त्र शिकलेली. दोन क्लॅरिनेट तिने मुद्दाम किंचित वेगळ्या सुरात लावले होते, म्हणजे सुरांवर सूर घासून हवा थरथरावी. शेवटच्या तुकड्यात मधेच सगळी वाद्यं गप्प होत. ती शांतता तिला सगळ्यात आवडायची.

लाखनीच्या महोत्सवासाठी तिला संगीत शिकवणाऱ्या प्रविण सरांनी ही रचना ऑर्केस्ट्रावर चढवली. म्हणजे सानगडीचा अख्खा लग्नाचा बँड आणून बसवला, आणि ती थरथर बेसूर ठरवून पुसून टाकली.

"चार वाद्यानं कुठं स्टेज भरते?" सर म्हणाले. "शंभर वर्षाआधी युरोपातले मोठेमोठे लोकं असंच करत होते. चौघांचं संगीत घ्याचं अन् ऑर्केस्ट्रासाठी फुलवाचं."

"त्यांना त्यातून काही नवं ऐकू येत होतं, सर. तुम्ही नुसतं जाड केलं."

"तू लहान आहे, पोरी."

"नाव तं माझंच सांगा मग."

"पाहू ना. कायले घाई करून राहिली?"

सरांचा युरोप कुठल्याशा व्हिडिओतला होता, आणि तोही त्यांनी अर्धाच पाहिला असणार, याबद्दल हर्षाला शंका नव्हती.

कार्यक्रमाला निवेदकाने जाहीर केलं, "संगीतरचना, प्रविण सर!" मंचावर कोट घालून उभ्या सरांनी छातीवर हात ठेवून मान लववली. प्रमुख पाहुणे अजून यायचेच होते. बँड सुरू झाला आणि हर्षाचे नाजूक तुकडे ट्रॉम्बोनच्या भोंग्यांखाली चिरडत गेले. शेवटी ती शांतता आली. तेवढी एकच जागा सरांनी बिघडवली नव्हती, कारण तिथे फुगवायला काही सापडलंच नव्हतं.

पण इकडे वरात दाराशी पोचली की बँड थांबतो, आणि बायका ओवाळायला पुढे होतात. पाहुण्यांसाठी आरतीचं ताट घेऊन पडद्याआड उभी असलेली शकुनबाई बँड थांबताच सरळ मंचावर आली. समोर कोटातला माणूस दिसला, त्याला तिने कुंकू लावलं.

"अवं बाई, संपलं नाही अजून!" सर कुजबुजले.

"हालू नका भाऊ, नाकाले लागते."

हर्षाच्या शेजारी बसलेली तिची मैत्रीण खुशबू म्हणाली, "घे, नवरदेव झाला तुझा सर."

ताट दिसल्याबरोबर बँडवाल्यांनी सवयीने वरात दारी आल्याची धून दणक्यात सुरू केली. मंडप हसून लोटपोट झाला.

सरांनी माइक ओढला. "मित्रहो, ही रचना माझी नाही! आपल्या हर्षा रामटेकेची आहे. मी फक्त मदत केली!"

ज्या नावासाठी ती महिनाभर भांडली, ते त्यांनी हात पुसलेल्या फडक्यासारखं तिच्याकडे भिरकावलं. लोक मागे वळून पाहू लागले.

"नको जाऊ वं," खुशबू म्हणाली. "हासतीन."

हर्षा गेली. सरांच्या हातातून तिने माइक घेतला.

"मधात जे वाजलं नाही, तेवढं माझं," ती म्हणाली. "वाजलं ते सारं सरांचं. निवेदक, त्यांचं नाव परत एकदा सांगा."