गाईचे एकच कार्ड

मित्रांनो, एके काळी माझ्या पोटात एकशे चाळीस नट, गवई आणि जादूगार सुखाने नांदत होते. मी ओकच्या लाकडाची, कार्डे ठेवायची जुनी पेटी. लंडनमध्ये, चेरिंग क्रॉस रोडवर, एडिथ थ्रेलफॉलबाईंच्या टेबलावर माझी एकतीस वर्षे गेली. कलाकारांना कामे मिळवून देणे हा बाईंचा धंदा. बोलणी चालू असली की कार्डावर पेन्सिलीने लिहायचे, शब्द दिला की शाईने. शाईवर काट मारायची नाही, हा त्या धंद्याचा नेमच होता.

एकाच कार्डावर दोन नावे होती, पर्सी गॉरिंज आणि लेन टटल. नाताळच्या नाटकात हे दोघे मिळून गाय होत. पर्सी पुढचे पाय, लेन मागचे. बावीस वर्षे गाईच्या एकाच नकली कातड्यात काढलेली.

एका सप्टेंबरात दोघे तणतणत आले.

"बाई, हा लोणच्यातले कांदे खाऊन येतो," लेन म्हणाला. "आत श्वास मला घ्यावा लागतो!"

"बावीस वर्षं तुला ओढतोय मी," पर्सी उखडला. "तुला मेल्या रस्ता तरी दिसतो का?"

बाईंचेही डोके फिरले. त्यांनी कात्री घेतली, कार्ड मधोमध कापले आणि पर्सीला ब्रॅडफर्ड गावच्या नाटकात, लेनला मार्गेटच्या, अशी नव्या जोडीदारांबरोबर कामे देऊन टाकली. तेही थेट शाईने! मला फार वाईट वाटले, पण पेटीचे कोण ऐकतो?

डिसेंबरात, पहिल्या प्रयोगाला चार दिवस उरले असताना ब्रॅडफर्डचा मॅनेजर फोनवर कडाडला, "बाई, तुमची गाय पुढून बसते आणि मागून नाचते! शनिवारपर्यंत सुधारली नाही, तर पर्सी परत. आणि यापुढे तुमच्याकडचं कुणीच नको मला."

बाईंनी कार्डाचे दोन्ही तुकडे समोर ओढले. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शाईवर काट मारली आणि मार्गेटला फोन लावला. "चूक माझी आहे. लेनला सोडा, बदली माणूस आजच पाठवते."

तिकडचा मॅनेजर मनसोक्त ओरडला. दमल्यावर म्हणाला, "न्या एकदाचा! रोज विचारतो, पर्सीच्या गुडघ्याला तेल कोण लावतं म्हणून."

बदलीला माझ्याच पोटातला एक रिकामा घोडा, म्हणजे घोड्याचे मागचे पाय करणारा नट, धावला. शनिवारी पर्सीचा फोन आला. "बाई, गाय नाचली! पोरं बाकांवर उभी राहिली." मागून लेन ओरडत होता, "आजही कांदे खाल्लेत याने!"

बाई हसता हसता रडल्या. मलाही हायसे वाटले. त्यांनी दोन्ही तुकडे जुळवून चिकटपट्टी लावली.

आता बाई थकल्या आहेत, मी त्यांच्या घरी खिडकीशी असते. ती पट्टी पिवळी पडली आहे. मित्रांनो, कधी मला उघडलेत तर बाकीची कार्डे खुशाल चाळा. तेवढे एक मात्र दोन्ही हातांनी काढा.