पाणी पिणारी बॅटरी

मुखेडच्या पुढं, लातूरच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात शिवप्पाची जुनी जीप होती. बाजाराच्या दिवशी तो तीत माणसं भरून उदगीरला नेई. मग त्याला लकवा झाला. उजवं अंग गेलं, बोलणं तुटक झालं. तेव्हापासून जीप त्याची बायको नागम्मा चालवायची. लग्नानंतर शिवप्पानंच तिला काढणी झालेल्या रानात चालवायला शिकवलं होतं.

त्या साली पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा दगा दिला. सरकारी टँकर गावापर्यंत यायचा, पण टेकडीवरच्या वाडीचा रस्ता त्याला चढत नसे. म्हणून नागम्मा टँकरचं पाणी पिंपांत भरून जीपनं वर पोचवायची. वाडीतल्या बाया घागरी घेऊन वाटेवरच बसलेल्या असत.

अशात जीपनं त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी चावी फिरवली की नुसतं टक् व्हायचं. चारजणांनी ढकलावं, मग ती सुरू व्हायची. मुखेडच्या मिस्त्रीनं बॅटरीकडं बघितलं आणि ती गेली म्हणून सांगितलं. नागम्मानं दुसरी बसवली. थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच.

शिवप्पा बाजेवरून बघत होता. "डाय... नामो," तो म्हणाला.

डायनामो म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारं यंत्र. शिवप्पा डाव्या हातानं दाखवत गेला आणि नागम्मानं तो खोलला. आतले वीज उचलणारे, झिजलेले कार्बनचे तुकडे बदलले, पट्टा ताणून बसवला. त्यानंतरही एका सकाळी जीप चावीनं उठलीच नाही.

त्या दिवशी तिचा दीर मलप्पा आला. "वैनी, आता लातूर जिल्हा झाला. तिथं कचेऱ्यांची बांधकामं चालू हायत. एका ठेकेदाराला जीप पायजे, हाय तशी. देऊन टाका."

"अन् वाडीचं पाणी?"

"ते सरकार बघंल."

"सरकारची गाडी चढंना म्हणूनच मी चढून राहिले, भावजी."

"बंद गाडीनं कशी चढताल? आठ दिवसांनी मी त्याला घेऊन येतो. तवर बघा."

तो गेल्यावर नागम्मानं बॅटरीची बुचं काढली. पाणी आटून आतल्या पट्ट्या उघड्या पडल्या होत्या. चार दिवसांपूर्वीच तिनं मुखेडहून आणलेलं बॅटरीचं पाणी काठोकाठ घातलं होतं. पहिल्या बॅटरीचंही असंच व्हायचं. तेव्हा बाटली संपली की ती बोअरचं खारं पाणी ओतायची. ती तशीच बॅटरीवर हात ठेवून उभी राहिली. कालच्या फेरीनंतर ही बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापली होती आणि गंधकासारखा वास येत होता, हे तिला आठवलं.

ती बाजेपाशी गेली. "अवं, गावात माणसाला प्यायला पाणी न्हाई, अन् ही ब्याटरी रोज पिऊन राहिली. वीज कमी पडत असती तर तिचं पाणी उकळलं असतं का?"

शिवप्पानं नाही अशी मान हलवली. "डाय... नामो," तो पुन्हा म्हणाला. या कामात त्याचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता.

"डायनामो न्हाई," नागम्मा म्हणाली. "पुढच्या दिव्याचे बल्ब किती गेले बघा की. वीज कमी पडली तर दिवा मंद होतो, जळत न्हाई. तिला वीज जास्त होऊन राहिली."

त्यानं तोंड फिरवलं. तिला वाईट वाटलं, पण ती थांबली नाही. शेजाऱ्यांना बोलावून जीप ढकलून सुरू केली, गोठ्याच्या भिंतीसमोर उभी केली आणि दिवे लावले. दिवेलागणीच्या अंधारात भिंतीवर पिवळा उजेड पडला. तिनं हळूहळू इंजिन पळवलं. उजेड पांढरा झाला, अजून पांढरा झाला, डोळ्यांना बघवेना. तरी तो वाढतच होता. मग एक बल्ब फट्दिशी गेला.

तिनं इंजिन बंद केलं आणि वळून बघितलं. शिवप्पा कोपरावर उठून बसला होता. त्याचा डावा हात इंजिनाच्या बाजूला लावलेल्या एका काळ्या डबीकडं रोखलेला होता.

"कट... आउट," तो म्हणाला.

डायनामोची वीज बॅटरीला मापात देते ती ही डबी. नागम्मानं तिच्या तिन्ही तारांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधले, डबी काढली आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून एसटीनं लातूर गाठलं.

वायरिंगचं काम करणारा महादेवप्पा डबी हातात घ्यायलाच तयार नव्हता. "गाडी आणा बाई. नुसत्या डबीवरून काय कळणार?"

"गाडी आणता आली असती तर कशाला आले असते?" ती म्हणाली आणि उकळणारं पाणी, ओतलेलं बोअरचं पाणी, जळालेले बल्ब, भिंतीवरचा उजेड, सगळं तिनं क्रमानं सांगितलं. त्यानं मध्येच स्टूल पुढं सरकवलं. डबीचं झाकण काढून त्यानं आत पेचकस टेकवला. वीज वाढली की जो खटका उघडायला हवा, त्याची दोन्ही टोकं जळून एकमेकांना चिकटली होती.

"बरोबर हाय तुमचं," तो म्हणाला. "नळाची तोटीच बंद होत न्हाई, असं समजा. हे खटके घासून चालणार न्हाईत." त्यानं मोडीत निघालेल्या एका जीपची चांगली डबी शोधली आणि दुकानातल्या एका गाडीला लावून, तपासून दिली. "बसवताना खालचा रंग खरवडा. उघड्या लोखंडावर बसली पायजे. अन् बोअरचं पाणी पुन्हा घालू नका. तुमची पयली ब्याटरी त्यानंच मेली असंल. ही कदाचित वाचंल."

घरी येताच नागम्मानं डबी बसवली. ती दोरे बघून तारा जोडत असताना शिवप्पा एकेका तारेला मान डोलावून "हाव" म्हणत होता. बॅटरी मुखेडला चार्ज करून आणली, नवा बल्ब घातला आणि पुन्हा भिंतीसमोर इंजिन पळवलं. उजेड थोडा वाढला आणि तिथंच थांबला. तिनं अजून पळवलं. उजेड तसाच राहिला.

तरी तिची खात्री पटली नव्हती. ती वाडीच्या फेऱ्या करत राहिली आणि रोज सकाळी बुचं काढून बघत राहिली. पाणी हललं नाही. जीप एका चावीत उठू लागली.

मलप्पा ठेकेदाराला घेऊन आला तेव्हा ती पिंपं भरत होती. "जीप द्यायची न्हाई, भावजी," एवढंच ती म्हणाली. ठेकेदारानं गाडीभोवती एक फेरी मारली, इंजिनाचा आवाज ऐकला आणि तो मलप्पावरच चिडला. बंद गाडी विकायची आहे असं सांगून त्याला उगाच का आणलं?

ते दोघं निघाले तेव्हा शिवप्पानं तिला हाक मारली. त्याला जीपमध्ये बसायचं होतं. आजारी पडल्यापासून तो तिच्यात बसला नव्हता. नागम्मा त्याला एकटीनं उठवताना बघून मलप्पा वाटेवरून परत फिरला आणि त्यानं दुसऱ्या बाजूनं भावाला उचललं.

चढावर पिंपं हिंदकळायला लागली तेव्हा शिवप्पा म्हणाला, "दुसरा गिअर... टाक."

"टाकलाय की," नागम्मा म्हणाली.