हाताचा क्लच

चष्मेवाल्यांना गाडी चालवता येत नव्हती असं नाही, पण त्यांनी ती चालवू नये असं सगळ्यांचं मत होतं. त्यांचं स्वतःचंही. लायसन्स त्यांना चौथ्या खेपेला मिळालं होतं, तेही घरातच शिकवणारं माणूस होतं म्हणून. त्यांची बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. चोवीस वर्षं तिने शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून काढली होती. अर्धं शहर तिला ‘बाई’ म्हणायचं, तेव्हा आपणही बाईच म्हणू.

चष्म्याचं दुकान थोरल्या मुलीच्या हाती दिल्यावर चष्मेवाल्यांना घर खायला उठलं. त्यातच एका बंद पडलेल्या छापखान्यामागे त्यांना ती गाडी दिसली. चार दारांची, लांब डिकीची, पस्तीस वर्षांची जुनी सेडान. एके काळी तिचा रंग बदामी असावा. मागच्या सीटवर कुत्रीने संसार थाटला होता. ट्रकवरून गाडी अंगणातल्या शेडमध्ये उतरवली तेव्हा बाई कमरेवर हात ठेवून तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या.

“ही गाडी आहे, की गंजालाच चार दारं फुटलीत?”

“मी उभी करतो,” चष्मेवाले म्हणाले. “चालवायची तू.”

“तुम्ही उभी तर करा!”

तेव्हापासून चष्मेवाल्यांचा दिवस शेडमध्ये उगवायचा आणि तिथेच मावळायचा. अवघड कामांना शेजारच्या गल्लीतला गॅरेजवाला यायचा. त्याच्या मागच्या खिशात कायम एक पाना असायचा, त्यामुळे तो कुठेही बसला तरी तिरका बसायचा आणि सगळे त्याला पानाच म्हणायचे. चष्मेवाल्यांचा नियम एकच होता: गाडी कारखान्यातून निघाली तशीच झाली पाहिजे. जुनं माहितीपुस्तक त्यांनी कुठून तरी मिळवलं होतं, आणि त्यातल्या चित्राशी ताडून पाहिल्याशिवाय ते एक वायसर बसवू देत नसत. मागच्या दिव्याच्या लाल काचेसाठी चौदा महिने थांबले.

“काका, दुसरी लावतो की. कुणाला कळणारे?” पाना म्हणायचा.

“मला कळेल.”

आयुष्यभर भिंगाचा केसाएवढा फरक पकडणारा माणूस, त्याच्यापुढे कोण बोलणार!

बाई संध्याकाळी स्कूलमधून आल्या की आधी शेडमध्ये डोकावायच्या. बिनचाकांच्या गाडीत बसून स्टिअरिंग हलवून बघायच्या, हॉर्न नसताना तोंडानेच वाजवायच्या आणि “अजून किती वर्षं?” असं विचारून आत जायच्या.

तिसऱ्या वर्षी बाईंची पाठ धरली. मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेली होती. दुखणं त्यांनी दोन महिने अंगावर काढलं. ऑपरेशन झालं, पाठ सुटली, पण डावं पाऊल गेलं. घोट्याखाली ते उचललं जाईना, आणि टोचलं तरी समजेना. बुटाच्या आत प्लॅस्टिकचा आधार घालून चालता यायचं, पण क्लच दाबणं शक्य नव्हतं. वर्षभरात जेवढं सुधारेल तेवढंच, असं डॉक्टर म्हणाले होते. वर्ष झालं. पाऊल होतं तसंच राहिलं.

बाईंनी स्कूल सोडलं. रडणं वगैरे काही नाही. बसचे नंबर पाठ केले, भाजी आणायला लागल्या, कोणी भेटलं तर “आता आराम आहे बघा” म्हणायला लागल्या. फक्त शेडकडे फिरकेनाशा झाल्या. चष्मेवाले काम करत राहिले, कारण दुसरं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं.

गाडी अखेर एका रविवारी दुपारी तयार झाली. बदामी रंग, चकचकीत बंपर, सीटला पहिल्यासारखंच तपकिरी कापड. चष्मेवाल्यांनी बाईंना हाताला धरून आणलं आणि उजवीकडचं दार उघडलं. बाई वळसा घालून डावीकडे जाऊन बसल्या.

“चालवा,” म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी गाडी बाहेर काढली. फाटकाशी एकदा बंद पडली, कोपऱ्यावर दोनदा. तिसऱ्या गिअरऐवजी पहिला पडला तेव्हा गाडी अशी किंचाळली की फुटपाथवरचे लोक थांबले. आता ऐकावं लागणार म्हणून चष्मेवाल्यांनी मान खाली घातली. बाई काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्याच्या शेजारी बसल्या की त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबायचा, ती चोवीस वर्षांची सवय होती. मुलीच्या गाडीत, टॅक्सीत, कुठेही. त्या दिवशी तो पायही हलला नाही. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, बसमध्ये बघतात तशा.

घरी आल्यावर “छान झालीय हो गाडी” असं म्हणून त्या आत गेल्या. चष्मेवाले किल्ली हातात धरून बराच वेळ तसेच बसून राहिले. शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ते पान्याच्या गॅरेजवर गेले.

“क्लच हाताने मारता येईल असं काही करता येतं का रे?”

“येतं की. कोणाच्या गाडीत?”

“माझ्या.”

पान्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. “काका, मागे डॅशबोर्डला मी एक साधा स्क्रू मारला, तर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता.”

“त्याचं डोकं चपटं होतं.”

“इथे तळाच्या पत्र्याला भोक पडेल. गिअरचा दांडा कापावा लागेल. बॉनेटखाली हा एवढा डबा बसेल.” त्याने हाताने माप दाखवलं. सायकलच्या ब्रेकसारखा एक खटका दांड्यावर बसवायचा. तो आवळला की इंजिन डब्यातली हवा खेचून घेणार आणि क्लच दाबला जाणार, सोडला की क्लच वर येणार. “होईल काम. पण मग तुमच्या त्या पुस्तकातली गाडी नाही राहायची ती.”

चष्मेवाल्यांनी ते माप स्वतःच्या हातांनी धरून पाहिलं. मग म्हणाले, “डब्याचा रंग मी सांगेन तोच द्यायचा.”

बाईंना काही सांगायचं नाही, असं त्यांनी पान्याला बजावलं. तयार झाल्यावर एकदम दाखवू. आठ दिवस बेत लपून राहिला. नवव्या दिवशी बाई फोन आलाय म्हणून सांगायला शेडच्या दारात आल्या, तेव्हा गिअरचा दांडा कापून वर्तमानपत्रावर ठेवलेला होता, आणि गाडीच्या तळातल्या ताज्या भोकातून खालची फरशी दिसत होती.

“हे काय?”

“तुझ्यासाठी,” चष्मेवाले घाईघाईने म्हणाले. “क्लच हातात येणार. डावा पाय लागणारच नाही.”

बाईंनी त्या भोकाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“मला चालवायचीय असं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“अगं, पण तू…”

“नाही, कोणी सांगितलं? मी म्हटलं? स्कूलवाल्यांनी ठरवलं, बाईंनी आता विश्रांती घ्यावी. थोरलीने ठरवलं, आईने जिना चढायचा नाही. आता तुम्ही ठरवून मोकळे झालात. अहो, पाऊल गेलंय माझं, तोंड शाबूत आहे. विचारायचं होतं!”

“मी जरा नट घेऊन येतो,” असं पुटपुटत पाना निघून गेला. नट त्याच्या हातातच होता.

रात्री जेवणं झाली. ताटं उचलायच्या वेळी चष्मेवाले म्हणाले, “माझं चुकलं. विचारायला हवं होतं. आता विचारतो. चालवायची आहे का तुला?”

“माहीत नाही.”

“मग भोक बुजवून टाकू?”

“तेही माहीत नाही. राहू दे तसंच.”

गाडी तशीच राहिली. चष्मेवाले रोज शेडमध्ये जाऊन आधीच चकचकीत असलेला बंपर पुसायचे. अकराव्या दिवशी बाई स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत शेडमध्ये आल्या आणि दारातच बसल्या. बराच वेळ नवऱ्याचा हात बंपरवर फिरताना बघत राहिल्या.

“भीती वाटते हो,” त्या म्हणाल्या. “आत्ता कसं, पायाने जमत नाही म्हणून चालवत नाही, असं म्हणता येतं. हे सगळं करून दिलंत आणि तरीही नाही जमलं, तर मग काय म्हणू?”

चष्मेवाल्यांनी फडकं पिळलं. धीर द्यायचं काम त्यांना कधी जमलं नव्हतं. “मला तीनदा नाही जमलं. तू हसली नव्हतीस.”

“हसले होते. घरी येऊन.”

“खरंच?”

“पोट दुखेपर्यंत.” आणि बाई आत्ताही हसल्या. मग खुर्चीच्या पाठीला धरून उठल्या. “त्या पान्याला बोलवा. नट मिळाला असेल एव्हाना.”

खटका बसला, डबा बसला, नळ्या जोडल्या. पाऊल गेल्यापासून बाई पहिल्यांदाच उजवीकडे बसल्या, खटका आवळला, पहिला गिअर टाकला आणि हात सैल केला. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. पाना दचकून मागे सरला. पण बाईंच्या चेहऱ्यावर एक वेगळीच चमक आली. चोवीस वर्षं त्यांनी गाडीला अशा उड्या मारताना पाहिलं होतं, आणि दर वेळी त्यांना नेमकं कारण माहीत असायचं.

“एकदम सुटतोय हा,” त्या म्हणाल्या. “क्लच सोडताना मध्ये एक जागा असते. तिथे गाडी थरथरते, धड थांबलेली नाही, धड निघालेली नाही. पायाला ती जागा कळते. तुमच्या खटक्यात ती जागाच नाही.”

“हवा परत आत शिरते त्या तोटीचं भोक मोठं झालं असेल,” पाना म्हणाला. “बारीक करून बघू. पण एवढं बारीक काम माझ्या हातून…”

ते काम चष्मेवाल्यांचं होतं. त्यांनी दुकानातून आपली जुनी हत्यारं आणली, डोळ्याला भिंग लावलं आणि पितळेच्या तोट्या कोरायला बसले. पहिल्या तोटीने गाडी आळसावली, दुसरीने पुन्हा उडी मारली. बाई आत बसून ओरडायच्या, “अजून जरा!”, “फार झालं!”, “अहो, मी जरा म्हटलं, किती कोरलंत!” शेडमध्ये इतका आरडाओरडा गेल्या दोन वर्षांत झाला नव्हता. सातव्या तोटीला बाई एकदम गप्प झाल्या. गाडी जागच्या जागी थरथरत उभी होती. मग ती लोण्यावरून सुरी फिरावी तशी हलकेच पुढे सरकली.

त्याच आठवड्यात जुन्या गाड्यांच्या क्लबच्या सेक्रेटरींचा फोन आला. वर्षभरापूर्वी चष्मेवाल्यांनी क्लबच्या प्रदर्शनातल्या ‘मूळ स्वरूप’ गटात नाव नोंदवलं होतं. त्यांनी दांड्याचं सांगितलं तेव्हा पलीकडून मोठा उसासा ऐकू आला. “अहो, इतकी मेहनत घेऊन शेवटी असं का केलंत? आता त्या गटात घेता येणार नाही.”

“नका घेऊ,” चष्मेवाले म्हणाले. बोलताना आवाज नेहमीसारखाच होता, पण ती दुपार त्यांनी माहितीपुस्तक मांडीवर घेऊन काढली. पाच वर्षांची हौस होती, वाईट वाटणारच. बाईंनी ते पाहिलं, आणि त्यांच्याजवळ चहा आणून ठेवला.

बदललेल्या गाडीसाठी लायसन्सवर नवी नोंद लागणार होती, आणि त्यासाठी परीक्षा. परीक्षेला एक तरुण इन्स्पेक्टर बाई होत्या, अगदी कोऱ्या चेहऱ्याच्या. सगळं नीट झालं. शेवटी चढावर गाडी थांबवून पुन्हा काढायची होती. बाईंनी खटका सोडला, पण बोटं घामाने सटकली आणि गाडी बंद पडून हातभर मागे गेली.

“नापास,” इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. “पंधरा दिवसांनी या.”

चष्मेवाले कठड्याशी उभे होते. बायकोचा चेहरा बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. बाई खाली उतरल्या, काठी टेकत त्यांच्यापाशी आल्या.

“बरोबर आहे तिचं,” त्या म्हणाल्या. “मीही नापासच केलं असतं. त्या खटक्याला रबर लावा, हात घसरतो.”

रबर लावलं. पंधरा दिवस बाई रोज सकाळी शाळेमागच्या चढावर गाडी थांबवत होत्या आणि काढत होत्या. शेजारी चष्मेवाले बसायचे आणि नकळत सीट घट्ट धरायचे. दुसऱ्या खेपेला गाडी बोटभरही मागे गेली नाही. इन्स्पेक्टर बाईंनी सही केली आणि तेव्हा कुठे त्या जराशा हसल्या. “डबा छान रंगवलाय,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाले धुतलेला शर्ट घालून, केस विंचरून गाडीजवळ आले. बाई आधीच आत बसलेल्या होत्या. चष्मेवाल्यांनी डावीकडचं दार उघडायला हात घातला.

“अहो,” बाई म्हणाल्या, “आज तुम्ही नको. मला एकटीला जायचंय.”

चष्मेवाल्यांचा हात दारावरच राहिला. मग त्यांनी तो काढून घेतला. “कुठे जाणार?”

“ठरवलं नाही अजून.”

“बरं. ये जाऊन.”

गाडी फाटकातून गेली, कोपऱ्यावर डावीकडे वळली, दिसेनाशी झाली. चष्मेवाल्यांनी आधी शेड झाडली. हत्यारं लावून ठेवली, ती काढून पुन्हा लावली. तासाभराने फाटकापाशी जाऊन उभे राहिले, मग कोणी बघेल म्हणून आत आले. सव्वा तास झाला तेव्हा हॉर्न वाजला.

बाईंचे केस वाऱ्याने विस्कटले होते आणि गाल लाल झाले होते. कुठे जाऊन आल्या ते त्यांनी सांगितलं नाही, आणि या वेळी चष्मेवाल्यांनीही विचारलं नाही. किल्ली ओच्यात टाकत त्या म्हणाल्या, “दुसऱ्या गिअरला जरा अडखळते. उद्या बघा. परवा मला पुन्हा हवीय.”