बसव्वाअक्काची रेघ

आमची गल्ली रुंदीला जेमतेम सोळा फूट. दोन्ही बाजूला गाड्या लागल्या की मधनं म्हस बी आंग चोरून जायाची. त्यात सगळ्यात आडदांड गाडी माझी. वडापची ट्रॅक्स, रोज शाहूवाडीची माणसं भरून नेणारी. माझं नाव बाळासो. माझ्या दारात माझी गाडी, कुणाच्या बाचं काय जातंय, असा माझा खाक्या.

गल्लीच्या पार आतल्या टोकाला बसव्वाअक्का राहायची. तिचे मालक सोमशेखरअण्णा, त्यांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातनं तीनदा डायलिसिसला न्यायला लागायचं. रिक्षा आत शिरत न्हवती, म्हणून अण्णांना खुर्चीत बसवून गल्लीच्या तोंडापर्यंत उचलून न्यायचे. खुर्ची हिंदकळली की अण्णा डोळे मिटून घ्यायचे.

२००४ च्या जानेवारीत महापालिकेचा इंजिनिअर आला. त्यानं गल्लीची बैठक घेतली आणि तीन वाटा सांगितल्या. सम तारखेला ह्या बाजूला आणि विषमला त्या बाजूला गाड्या लावायच्या, न्हायतर कायमची एकच बाजू, न्हायतर पैसे भरून परवाना. "तुम्हीच ठरवा," म्हणाला. आता कोल्हापूरच्या गल्लीचं कशावर एकमत हुतंय व्हय? सगळ्यात मोठ्यानं मी वरडलो, "एकतीस बी विषम आनि एक बी विषम! त्यांची दोन दिस चैन, आनि आम्ही गाडी डोक्यावर घिऊन झोपायचं?" लोक हसली. इंजिनिअर फाईल बांधून गेला. दुसऱ्या दिवशी अण्णांची खुर्ची माझ्या बंपरला घासून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि मी बघतच राहिलो. गल्लीच्या तोंडापासनं अक्काच्या दारापर्यंत रांगोळीच्या दोन रेघा, रिक्षा जाईल एवढी जागा मधी सोडून. दीडशे फूट! साठी उलटलेल्या बाईनं वाकून वाकून काढलेल्या. माझ्या टायरपाशी रेघ तुटली हुती, टायरवर हळदकुंकू लावलेलं, आणि पुढं रेघ परत सुरू.

महापालिकेचा पट्टा असता तर चाक घालून दोन दिवसांत पुसला असता. पण रांगोळीवर चाक? आयला, ते काय जमंना. रेघ चुकवत ट्रॅक्स तालमीच्या मैदानात नेऊन लावली. संध्याकाळपर्यंत बाकीच्यांनी बी गाड्या हलवल्या, कुणी कुणाला सांगितलं न्हवतं. त्या आठवड्यात रिक्षा पहिल्यांदा अण्णांच्या दारात गेली.

महिनाभर रोज सकाळी रेघ. मग अक्काची कंबर धरली. एका सकाळी बघतो तर तिच्या दाराकडनं आलेली रेघ निम्म्यातच थांबलेली. पण तिथनं पुढं समोरच्या झुंबरबाईनं आपल्या दारापुढची काढली, तिच्या शेजारणीनं तिच्या दारापुढची. राहिलं फक्त माझं दार. बायको संयोगिता माहेरी, नेसरीला गेलती.

मी रांगोळीचा डबा घेतला आणि बसलो उकिडवा. जन्मात कधी हात लावला न्हवता. रेघ सापासारखी वळवळत निघाली. झुंबरबाई पदर तोंडाला लावून हसत हुती.

तेवढ्यात अण्णांची रिक्षा आली, माझ्यापाशी थांबली.

"ही वाकडी कुणाची रं?"

"माझी हाय, अण्णा."

"चिमटीत रांगोळी हाय काय थोडी?"

मी त्यांच्या तळहातावर टाकली. अण्णांनी ती तीन बोटांनी कपाळाला लावली, विभूतीसारखी, आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "चल."